पाटी वाचून सोडलेली गाडी

घाडगेकाकांच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने लिहिलेला एकच शेरा आहे, आणि तो माझ्यामुळे आहे. काकांना हे मान्य नव्हतं. तो शेरा मी माझ्या अकलेने कमावलाय, तुझा त्यात काडीचा वाटा नाही, असं ते म्हणत. या एका मुद्द्यावर आमचं कधी पटलं नाही. बाकीच्या मुद्द्यांवर मी मुकाट्याने ऐकून घेत असे, कारण काकांशी वाद घालायचा म्हणजे आपलं म्हणणं आधी कागदावर लिहायचं आणि मग त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. तेवढ्यात निम्मा राग उतरतो, उरलेल्या निम्म्याची लाज वाटते आणि वाद घालण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

बाबा फौजेत सुभेदार. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी तिथल्याच एका कॉलेजात चित्रपट शिकायला लागले. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने दहा मिनिटांची एक फिल्म करायची होती. माझी गोष्ट अगदी साधी होती. एका फौजीची बायको नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावोगाव हिंडत जयपूरला येते. भाजी घेऊन रोज त्याच बस स्टॉपवर उभी राहते. एक दिवस समोर शहर बस येऊन थांबते आणि तिच्या काचेमागच्या पाटीवर हिच्या गावाचं नाव असतं. ती बाई म्हणजे माझी आई हे सांगायला नकोच. गावही तिचंच, सातारा जिल्ह्यातलं पुसेसावळी.

आमच्या सरांना गोष्ट आवडली. त्यांनी एकच विचारलं, "बस कहाँ से लाओगी?" भाड्याची बस चालणार नव्हती. आई ज्या बससाठी रोज धक्के खाते, तीच शहर बस हवी होती. म्हणून मी आणि माझी कॅमेरावाली मैत्रीण तन्वी परवानगीच्या मागे लागलो. मुख्य कार्यालयात सांगितलं, डेपोतून लिहून आणा. डेपोत सांगितलं, वरून लिहून आणा. असे तीन आठवडे आम्ही त्या दोन जिन्यांची चढउतार केली. शेवटी एका शिपायाला आमची दया आली आणि त्याने डेपोच्या फाटकाजवळची एक खोली दाखवली. "फौजीसाब से मिलो," तो म्हणाला, "काम होगा तो वहीं होगा. नहीं होगा तो कम से कम पता चल जाएगा."

फौजीसाब म्हणजे हणमंत घाडगे. सतरा वर्षं आर्मीचा ट्रक चालवून, निवृत्त होऊन, जयपुरातच राहिलेले आणि मग या डेपोत गाड्या सोडण्याच्या कामावर लागलेले. कुठली बस कुठल्या मार्गावर, कुणाच्या हाती, किती वाजता जाणार, हे सगळं त्यांच्या फळ्यावर लिहिलेलं असे. ठेंगणा, काळा, गुबगुबीत माणूस. खाकी शर्टाला इतकी कडक इस्त्री की बाही कोपरात वाकवली की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. गाडी सुटायची वेळ झाली की ते खुर्चीतून उठायचे, गाडीच्या पुढ्यात जाऊन मान वर करून पाटी वाचायचे, काचेखाली तळहाताने दोन थापा मारायचे आणि शिटी द्यायचे. उन्हाळा असो, धुळीचं वादळ असो, दिवसातून साठ-सत्तर वेळा हे व्हायचं. खुर्चीत बसून सोडलेली गाडी कुणी कधी पाहिली नव्हती.

आणि त्यांचा तो नियम. त्यांच्या टेबलावर येणारा कुठलाही अर्ज अर्जदाराने स्वतः, उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक ड्रायव्हर रजेचा अर्ज वाचत होता. आजी वारली होती. तो "पूजनीय दादीजी" पर्यंत आला, थांबला, समोर बाकावर बसलेल्या आपल्या साथीदारांकडे त्याने पाहिलं आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "पिछले साल भी यही दादी थीं क्या?" काकांनी अगदी मायेने विचारलं. सगळे हसले, तोही हसला. मग काकांनी त्याला कोरा कागद दिला आणि म्हणाले, "साली की शादी है तो साली की शादी लिख. उसकी भी छुट्टी मिलती है." त्याला रजा मिळाली. मेव्हणीचं लग्न खरोखरच होतं.

मग माझी पाळी आली. माझा अर्ज इंग्रजीत होता, तन्वीच्या भावाने लिहून दिलेला. त्यात कला होती, युवा पिढी होती, शहराची सांस्कृतिक ओळख होती. मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीतच माझे कान गरम झाले. बाकावरचे ड्रायव्हर माझ्याकडे लग्नात इंग्रजी गाणं म्हणणाऱ्या पाहुणीकडे पाहावं तसे पाहत होते. शेवटी मी आडनाव वाचलं आणि काकांनी चष्मा काढला.

"कुठलं गाव गं?" एकदम मराठीत.

मी इतकी दचकले की "पुसेसावळी" म्हणायला मला दोन प्रयत्न लागले. "मतलब, आईचं. बाबांचं कराड."

त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, झालं काम. गाववाला भेटला. तन्वीने मला कोपराने ढोसलंही. मग काका म्हणाले, "गाववाली हाईस म्हणून सही मिळंल असं मनात आलं आसंल तर ते आत्ताच काढून टाक. गाववाल्याला मी दोन प्रश्न जास्तच इचारतो."

त्यांनी विचारलेले प्रश्न दोन नव्हते. गाडी हलणार की उभी राहणार? बाई चढणार, तर किती वेळा चढणार? पाय घसरला तर धरायला कोण? कॅमेऱ्याची तार कुणाच्या पायात येणार? आम्ही तिघी मिळून एकाचंही नीट उत्तर देऊ शकलो नाही, तिसरी म्हणजे आमची अब्रू. मग ते पाटीवर आले.

"खोटी पाटी लावणार म्हंतीस. मग खरी कुठं ठेवणार?"

"सुरक्षित ठिकाणी," मी म्हणाले.

"हे सुरक्षित ठिकाण कुठल्या तालुक्यात येतं?"

बाकावरच्या एकालाही मराठी कळत नव्हती, तरी ते हसले. काका हसले नाहीत. "बग पोरी, पाटी म्हंजे गाडीची जबान. इथल्या निम्म्या गाड्यांच्या इजेच्या पाट्या बंद पडल्यात, म्हणून आम्ही पत्र्याच्या लावतो. मानूस लांबनं पाटी वाचतो आन् पळत येतो. गाडी एकदा त्याच्याशी खोटं बोलली की तो परत तिला इचारत न्हाई, सरळ रिक्षा करतो. तवा खरी पाटी कुनाच्या हातात ऱ्हानार, कुठं ऱ्हानार, परत कोन लावनार, ते लिहून आन."

मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी अर्ज हिंदीत होता, एका पानाचा होता आणि त्यात संस्कृतीचा स-सुद्धा नव्हता. दुपारी साडेबारा ते अडीच, पाळी बदलताना जी गाडी उभी असते तीच, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. खरी पाटी ड्रायव्हरच्या सीटमागे उभी ठेवू आणि काम संपताच मी स्वतः, माझ्या हाताने, जागेवर लावीन. वाचून झालं तेव्हा बाकावरचे ड्रायव्हर माना डोलावत होते. मला कॉलेजात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

काका आम्हाला डेपो मॅनेजर चौधरीसाहेबांकडे घेऊन गेले. साहेब भला माणूस, पण सहीला घाबरणारा. "कुछ ऊँच-नीच हो गई तो?" ते म्हणाले. काकांनी अर्ज ओढून घेतला आणि खाली निळ्या शाईने लिहिलं, 'मेरी ड्यूटी में, मेरी ज़िम्मेदारी पर.' मग सही, तारीख. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर रामकिशन नावाच्या ड्रायव्हरने मला बाजूला घेतलं. आमच्या शूटिंगची गाडी त्याचीच होती. "मैडम, फौजीसाब गर्मियों में रिटायर हो रहे हैं," तो म्हणाला. "फौज में और यहाँ, उनकी किताब में आज तक लाल स्याही नहीं लगी. ज़रा ध्यान रखना." डेपोत सगळ्यांना हे ठाऊक होतं. नव्या कंडक्टरला पहिल्या दिवशी मार्ग दाखवतात तसं हेही सांगत. काका स्वतः टेबलावर लाल पेन ठेवतच नसत. कुणाची चूक दाखवायची तर पेन्सिलने खूण करायचे, म्हणजे सुधारली की खोडता यावी.

मी घरी हे सगळं सांगितलं आणि आईने हट्टच धरला की त्यांना जेवायला बोलाव. रविवारी काका आले, तसेच इस्त्री केलेले. खिशातून एक स्टीलची डबी काढून त्यांनी आईपुढे ठेवली. ठेचा. जयपुरात मिरची मिळते, पण ठेचणारा हात मिळत नाही म्हणून ते स्वतः करायचे. मग दोघांनी पुसेसावळीचा बाजार सुरू केला. कुणाचं दुकान कुठे, चढावर कुठली विहीर, कुठला मास्तर कुणाला बदडायचा. मी आणि बाबा नुसते पोळ्या खात होतो. त्या एका दुपारी आईने जितकी माणसं नावानिशी आठवली, तितकी मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकली नव्हती.

"माझं गाव न्हवं ते," काका म्हणाले. "आमची वाडी तितनं आत, दोन कोसांवर. वाडीला यष्टी येत न्हवती. भरतीला निगालो तवा म्हातारी पोचवाय आली व्हती पुसेसावळीच्या स्टँडपतूर. तिला वाचता येत न्हवतं. मला म्हनली, पाटीवर काय लिव्हलंय बग. मी म्हनलं, कराड लिव्हलंय. तर म्हनली, जा मग ह्या गाडीनं. पर येताना पुसेसावळी लिव्हलेली बगून बस, बाबा. दुसऱ्या कुटल्या गाडीत बसू नगं."

"मग?" आईने विचारलं.

"मग काय. मी टरेनिंगला असतानाच ती गेली. तार मिळाली तवर सगळं उरकलं व्हतं. मग कुनासाठी जायाचं?" ते ठेच्याची डबी आईच्या ताटाकडे सरकवत म्हणाले. त्यांनी जयपुरातच, झोटवाड्यात दोन खोल्या बांधल्या, लेक तिथेच दिली, आणि गाव मागे राहिलं ते राहिलंच. आईने त्यांना भाकरी वाढली. त्यांनी ती पूर्ण खाल्ली आणि मग आणखी एक मागून घेतली.

शूटिंगच्या दिवशी आईनेच आईचं काम केलं. ती फुकट होती आणि हुकमी होती. तिने फक्त वर पाहायचं होतं, पाटी वाचायची आणि पिशवी खाली ठेवायची, एवढंच. बारा वेळा तालीम झाली होती. शहरातल्या सोडाला भागातल्या पेंटरकडून मी पत्र्याची पाटी करून आणली होती, डेपोच्या पाट्यांसारखीच, पिवळ्यावर काळी अक्षरं. मी ती काचेमागे लावली, झोटवाड्याची खरी पाटी सीटमागे उभी केली. तन्वीने कॅमेरा सुरू केला. आईने वर पाहिलं.

आणि ती रडायला लागली. गोष्टीत असं नव्हतं. ती हुंदके देऊन, पदर तोंडाला लावून, तिथेच गाडीच्या पुढ्यात खाली बसली. तन्वीने कॅमेरा बंद केला नाही, मी हातातलं सगळं टाकून तिच्याकडे धावले. डेपोतल्या झाडूवाल्या बाईने पाणी आणलं. तिला सावरण्यात, बाकावर बसवण्यात अडीच वाजून गेले. काका लांबून पाहत होते. जवळ आले नाहीत. मग गाडी परत घेतल्याची नोंदवही घेऊन आले, आणि मी त्यांच्या नियमाप्रमाणे लिहिलं, 'गाडी होती तशी परत दिली', आणि घाईघाईत वाचूनही दाखवलं. माझं सगळं लक्ष आईकडे होतं. मी जे वाचत होते ते खरं नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तीन वाजता रामकिशन गाडीवर चढला. काका उठले, गाडीच्या पुढ्यात गेले, मान वर केली, दोन थापा मारल्या आणि शिटी दिली. गाडी फाटकातून गेली. आम्ही चहा पीत होतो.

फोन आला तेव्हा गाडी सोडाल्यापर्यंत पोचली होती. स्टॉपवरच्या लोकांनी गाडी ओळखलीच नव्हती. काहींना वाटलं मार्ग बदलला, काहींना वाटलं कुठल्या लग्नाची गाडी आहे. एका म्हाताऱ्याने कंडक्टरला विचारलं, हे गाव कुठल्या जिल्ह्यात, आणि कंडक्टरने उतरून पाहिलं तेव्हा सगळं उघडकीला आलं. तोवर झोटवाड्याला जायला निघालेली एक मुलगी मागच्या स्टॉपवर तशीच उभी राहिली होती. सरोज तिचं नाव, नर्सिंगला होती, तिची परीक्षा होती. पाटी वाचून तिने गाडी सोडून दिली. पुढची मिळेपर्यंत वेळ गेला, पेपरची पहिली वीस मिनिटं बुडाली. तिच्या वडिलांनी लेखी तक्रार केली, आणि पाटीचा फोटो तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता.

मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी उठून कबुली लिहिली, कुणाच्याही मदतीशिवाय. पाटी परत लावायची जबाबदारी माझी होती, मी लावली नाही, आणि खोटं लिहून दिलं. तशीच डेपोत गेले आणि काकांसमोर मोठ्याने वाचली. बाक भरलेला होता. रामकिशन मान खाली घालून बसला होता, कारण चालकाने निघण्याआधी पाटी पाहावी असा नियम आहे आणि त्याला आधीच दोन मेमो मिळालेले होते. तिसरा मिळाला असता तर गाडी हातातून गेली असती.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं लिव्हलंयस," ते म्हणाले. "खरं हाय. पर पुरं न्हाई." आणि माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

मग ते साहेबांच्या खोलीत गेले. मला बरोबर यायला सांगितलं, रामकिशनलाही. साहेबांच्या टेबलावर सर्व्हिस बुक उघडं होतं. काकांनी आपला जबाब काढला, चष्मा लावला आणि उभ्याने वाचायला सुरुवात केली. हा त्यांचा स्वतःचा नियम, पण तो त्यांनी स्वतः पाळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. त्यांनी लिहिलं होतं की परवानगी त्यांच्या जबाबदारीवर होती. मुलीने पाटी बदलली नाही आणि चालकाने पाहिली नाही, पण गाडी सुटते ती त्यांच्या शिटीवर. आणि मग शेवटची ओळ, जी मला अजून जशीच्या तशी ऐकू येते. 'पाटी मैंने स्वयं पढ़ी. पढ़कर गाड़ी छोड़ी.'

साहेबांनी वर पाहिलं. "पढ़कर छोड़ी?"

"जी साब."

"गलत नहीं लगी?"

काकांनी जबाबाचा कागद टेबलावर ठेवला. "नहीं साब. उस वक़्त सही लगी."

मला आईच्या स्वयंपाकघरातली ती दुपार आठवली. काकांनी ती पाटी वाचली होती. दिवसातून सत्तर वेळा पाट्या वाचणाऱ्या माणसाने ती अक्षरं पाहिली आणि त्यांना त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही. आयुष्यभर ज्या गाडीची वाट पाहिली ती एकदाची आली म्हटल्यावर कोण तिला अडवणार?

साहेबांनी आवाज खाली आणला. "घाडगेजी, ये आख़िरी लाइन काट दो. लिख दो कि नज़र नहीं पड़ी. मैं मौखिक चेतावनी देकर बात ख़त्म कर दूँगा. दो महीने बचे हैं आपके."

ते खरं तेच बोलत होते. नजर न पडणं ही चूक, ती कुणाकडूनही होते, तिला तोंडी ताकीद पुरते, लाल शाई लागत नाही. चुकीची पाटी वाचून, जाणूनबुजून गाडी सोडणं ही वेगळी गोष्ट होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, काका, खोडा ना ती ओळ. रामकिशन तर उघड हात जोडून उभा होता.

"नज़र पड़ी थी साब," काका म्हणाले. "नहीं पड़ी लिखूँगा तो ज़ोर से कैसे पढ़ूँगा?"

साहेबांनी खणातून लाल पेन काढलं. लिहिताना त्यांचा हात मुद्दाम हळू चालला आहे असं मला वाटलं. काकांनी तो शेरा वाचला, खाली सही केली, तारीख घातली आणि पेन टोपण लावून परत दिलं. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून माझी कबुली काढली. "ही आपल्याला लागनार हाय. चल."

आम्ही झोटवाड्याला सरोजच्या घरी गेलो. काकांनी तिच्या वडिलांना नमस्कार केला आणि मला पुढे केलं. मी दारात उभं राहून पूर्ण कागद वाचला. सरोज माझ्याच वयाची होती. ती चिडेल म्हणून मी तयारी केली होती, तिने फक्त विचारलं, "वो गाँव सच में है?" मी हो म्हटलं. तिच्या आईने चहा ठेवला. वीस मिनिटं काही परत आली नाहीत, पण ती पास झाली हे तिने नंतर काकांना डेपोत येऊन सांगितलं.

फिल्म पूर्ण झाली. आई रडते तिथेच ती संपते, पुढचं मी काढलंच नाही. कॉलेजात दाखवली तेव्हा काका शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. सगळे टाळ्या वाजवत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, कशी वाटली? ते म्हणाले, "बरी हाय. खरी पाटी परत लावलेली दावाय पायजे व्हतीस." मी हसले. ते हसत नाहीत हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्यांना साफा बांधला, झेंडूचा हार घातला, कचोऱ्या मागवल्या. भाषणं झाली. मग काकांनी खिशातून एक कागद काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "ज़ोर से, घाडगेजी," ते म्हणाले, आणि सगळा डेपो टाळ्या पिटायला लागला.

काकांनी चष्मा लावला. साफा कपाळावर घसरत होता. अर्ज दोन ओळींचा होता. चौकशीच्या फायलीला जोडलेली एक पत्र्याची पाटी अर्जदारास मिळावी. कारण, सदर पाटी या डेपोच्या कोणत्याही मार्गावर उपयोगाची नाही, अर्जदारास तिचा उपयोग आहे. वाचून होताच त्यांनी कागद पुन्हा साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी सही केली, निळ्या शाईने, आणि स्वतः कपाट उघडून पाटी आणून दिली.

तीनची झोटवाड्याची गाडी निघायची होती. त्या दिवशी शिटी दुसऱ्याच्या हातात होती, तरी काका गाडीच्या पुढ्यात गेले, मान वर करून पाटी वाचली, दोन थापा मारल्या आणि मग प्रवाशासारखे आत चढले. खिडकीशी बसले, साफा डोक्यावर तसाच, पाटी मांडीवर. मी मोबाइल काढला. माझ्या फिल्मचा खरा शेवट समोर बसला होता.

"काका, पाटी जरा काचेला लावा की! नाव दिसू दे!"

त्यांनी मान हलवली. फाटकाबाहेर स्टॉपवर माणसं उभी होती, पिशव्या घेऊन, लांबून गाड्यांच्या पाट्या वाचत. काकांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, मग पाटी उलटी केली, लिहिलेली बाजू आपल्या छातीकडे, आणि दोन्ही हातांनी धरून बसले. गाडी निघाली. मला काचेतून पत्र्याची नुसती कोरी पाठ दिसत होती, आणि तिच्यावर मान वाकवून वाचणारे काका.